डाव्या हाताचा परवाना

सबनीस सर दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. मिरची जरा जास्तच जळू दिली. ठसक्याने का होईना, या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

ते खोकले, रुमाल काढला आणि म्हणाले, "ओवी, आत येऊ का?"

नाही कसं म्हणणार? खुर्ची दिली, पाणी दिलं. डॉ. निनाद सबनीस, अकोल्याच्या आमच्या संशोधन केंद्राचे प्रमुख, माझ्या दोन खोल्यांच्या घरात कूलरसमोर बसले आणि इकडेतिकडे बघत "छान ठेवलंयस" म्हणाले. पाच वर्षं मी या माणसाच्या प्रयोगशाळेत घासले होते. काम माझं झालं होतं आणि नाव त्यांचं.

आमच्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. पूर्णेच्या दोन्ही अंगांना कुठेही विहीर खणा, खारं पाणी लागतं. ते पिऊन गावंच्या गावं मूत्रपिंडाच्या दुखण्याने खंगतात. माझे वडील त्यातच गेले. म्हणून मी प्रयोगशाळेत शिरले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन, आणि बाभळीच्या डिंकापासून एक पातळ पडदा बनवला. वरून खारं पाणी ओतायचं, खाली गोडं पाणी ठिबकतं. वीज नको, पंप नको. पहिल्या दिवशी ते पाणी पिताना मी रडले. मग शोधनिबंध छापून आला. त्यावर सरांचं नाव होतं आणि त्यांच्या मेहुण्याचं. माझं आभारातसुद्धा नव्हतं. जाब विचारला, तर पुढच्या महिन्यापासून माझी शिष्यवृत्ती बंद झाली. तेव्हापासून मी शिकवणीत बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होते आणि रोज सकाळी दात घासताना सरांचं वाटोळं होवो असं मनापासून म्हणत होते.

"मला तुझी मदत हवीय," सर म्हणाले. आडपडदा त्यांनी कधीच ठेवला नाही, तेवढं मान्य करायला हवं.

बाल्टिक समुद्राकाठच्या एका छोट्या देशाने त्यांना बोलावलं होतं. देशाचं नाव सांगत नाही. तिथे समुद्र जमिनीखालून आत सरकत होता आणि विहिरी खाऱ्या होत होत्या. आमचा पडदा त्यांना हवा होता, पण तो जगात कुणालाच जमत नव्हता. कृती छापलेली, सोबत चित्रफीत जोडलेली, तरी जो तो करून थकला. वाळताना पडदा तडकायचाच. शेवटी तिथल्या जलसंस्थेने सरांना कळवलं की तुम्ही इथे या, राहा आणि स्वतः करून दाखवा. संशोधक म्हणून वास्तव्याचा परवाना, घर, बायकोलाही परवाना.

"मग जा की," मी म्हटलं.

"टोप आहे ना," सर म्हणाले.

टोपाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. यंत्रं शोधनिबंधांचे ढीग लिहू लागली तेव्हा उत्तरेकडच्या देशांचा कागदावरचा विश्वास उडाला. संशोधक म्हणवणाऱ्याने खरंच काही केलंय का, हे कळणार कसं? त्यावर 'हस्तसाक्ष' नावाची चाचणी निघाली. लोक तिला टोपच म्हणायचे. रोजच्या जिन्याची एखादी पायरी कमी असेल तर आपल्याला कळण्याआधी पाय दचकतो. हाताने शेकडो वेळा केलेल्या कामाचंही तसंच असतं. पुढे काय होणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो, आणि भलतंच घडलं की सेकंदाच्या पाचव्या हिश्शात कपाळामागे एक लहानशी लहर उठते. ती अडवता येत नाही आणि मुद्दाम आणताही येत नाही. परवाना मागणाऱ्याच्या डोक्यावर टोप चढवायचा, त्याच्याच छापील कृतीची फीत दाखवायची आणि मधूनमधून चुकीच्या पायऱ्या घुसडायच्या. चुकीच्या जागी दचकला आणि बरोबर जागी शांत राहिला तर काम त्याच्या हातचं.

आता आमच्याकडे माणूस एकदा 'सर' झाला की त्याचा हात खडू, सही आणि चहाचा कप यापलीकडे कुठे जात नाही. त्यात कुणाला वावगंही वाटत नाही. टोप आला तसे बडे बडे प्राध्यापक गुपचूप विद्यार्थ्यांकडे धडे घ्यायला लागले होते.

सरांनी मांडीवर लॅपटॉप उघडून चित्रफीत लावली. "परीक्षेची फीत यावरूनच करणार आहेत. तू मला शिकव. क्रम पाठ झाला की झालं."

ती फीत मी तोवर कधी पाहिली नव्हती. हिंमतच झाली नव्हती. निळ्या हातमोज्यांतले माझे हात चंचुपात्रात द्रावण ढवळत होते. पण काचेची कांडी होती उजव्या हातात. मी डावखुरी. शाळेत बाईंनी पट्ट्या मारमारून लिहिण्यापुरता हात बदलवला, बाकी सगळं काम डाव्यानेच.

"सर, ही उलटी दिसतेय."

"आरसा केलाय. डावे हात बरे दिसत नाहीत गं. चांगल्या कामात डावा हात कशाला पुढे? शिवाय मी उजवा, कुणी विचारलं असतं तर? एक बटण दाबलं आणि काम झालं." एवढं बोलून ते पाणी प्यायले.

जगभर पडदा का तडकतो ते मला त्या क्षणी कळलं. डिंकाचे रेणू लांबट असतात आणि त्यांना पीळ असतो, निसर्गाने दिलेला, एकाच बाजूचा. ढवळताना जो भोवरा उठतो तो त्या पिळाच्या बाजूने असेल तर रेणू एकमेकांत गुंफले जातात. उलट बाजूने असेल तर उकलतात, सुंभ उलटा पिळल्यावर सुटतो तसे. माझा डावा हात आपसूक ज्या बाजूने फिरतो तीच नेमकी पिळाची बाजू होती. निबंधात नुसतं 'ढवळावे' एवढंच, बाकी फीत पाहा. आणि फीत उलटी. अख्ख्या जगाने अगदी इमानदारीने उलटं ढवळलं होतं.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

"शिकवते," मी म्हटलं. "पण मी केलं तसंच शिकवणार, डाव्या हाताने. माझा उजवा हात हे काम जाणत नाही. आणि तिथल्या संस्थेच्या करारात सहसंशोधक म्हणून माझं नाव पाहिजे."

"डाव्या हाताने?" त्यांनी कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं. मग स्वतःचीच समजूत घातली, "नाव घालू. आणि हात कुठला का असेना. टोप तर मेंदू बघतो."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मेंदूला हात कळतो. डाव्याने शिकलेल्या माणसाला तेच काम उजव्या हातात दिसलं की तो पायरीपायरीला दचकतो, हे मी वाचलेलं होतं. सर परीक्षेत दचकत सुटणार, अधिकारी विचारणार की तुमच्या डोक्यातला हा हात कुणाचा, आणि सहसंशोधक म्हणून मी शेजारीच बसलेली असणार. मला त्यांना एकही गोष्ट खोटी शिकवायची नव्हती. खरं शिकूनच ते बुडणार होते. त्या दिवशी मी करपलेलं वरण चाटूनपुसून खाल्लं.

उन्हाळाभर शिकवणी चालली. केंद्र सुट्टीमुळे ओस, आणि आत आम्ही दोघंच. पंचावन्नाव्या वर्षी डावा हात वळवणं सोपं नसतं. सरांनी चंचुपात्रं फोडली, डिंक अंगावर सांडला, दोनदा बोट कापून घेतलं. मी एकही संधी सोडली नाही.

"मनगट सर, मनगट. खांद्याने काय ढवळताय, जात्यावर बसलात का?"

"दुखतोय गं हात."

"माझाही दुखायचा. पुन्हा करा."

ते करायचे. दुसरा इलाजच नव्हता त्यांना. एकदा काकुळतीने सांगू लागले की आता जेवतानासुद्धा डावा हात पुढे जातो आणि घरी सासूबाईंनी त्यांचं ताट वेगळं मांडायला सुरुवात केली आहे. मी तोंडावर रुमाल धरून हसले.

मग एके दिवशी त्यांचा पहिला पडदा न तडकता वाळला. सर कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. बोटाच्या टोकाने कड उचलली आणि हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मी हे का नाही केलं?" मला त्या माणसाची दया आली, खोटं कशाला बोलू. सगळं सांगून टाकावं असंही वाटलं.

"याला सबनीस पडदा म्हणावं का गं?" ते पुढे म्हणाले, आणि माझी दया जागच्या जागी आटली.

परीक्षा मुंबईच्या परवाना केंद्रात झाली. टोप फक्त प्रमुख संशोधकाला, सहसंशोधकाचा नुसता जबाब. त्या देशाच्या लीस नावाच्या पन्नाशीच्या अधिकारी होत्या. त्यांच्या बोलण्याचं मराठी भाषांतर कानात घातलेल्या बोंडातून ऐकू यायचं. सरांच्या डोक्यावर टोप चढला, फीत सुरू झाली आणि समोरच्या स्क्रीनवर लहरींचा नुसता पाऊस पडला. कांडी उचलली, दचकले. ढवळलं, दचकले. बरोबर पायरी, चुकीची पायरी, काही भेदच नाही. मला नाचावंसं वाटत होतं आणि चेहरा मी जन्मात ठेवला नव्हता इतका गंभीर ठेवला होता.

लीस बाईंनी भुवया आक्रसल्या. काही तरी सुचून त्यांनी फीत आरशासारखी उलटवली आणि पुन्हा लावली. लहरी शांत झाल्या. जिथे चूक घुसडली होती तिथेच नेमक्या उठल्या.

"काम तुम्हाला उत्तम येतं," त्या म्हणाल्या. "पण डाव्या हाताने. छापलेली फीत उलटवलेली आहे. असं का?"

आता आपली पाळी, मी मनात म्हटलं आणि सरसावून बसले.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ते घटकाभरच. मग ते खाली बघत, ओशाळल्यासारखे हसले. "मी डावखुरा आहे, मॅडम. आमच्याकडे डावा हात अशुभ मानतात. लहानपणी फार मार खाल्ला त्यापायी. लोकांना दिसू नये म्हणून फीत उलटवली. लाज वाटली हो."

मी थक्क झाले. पट्ट्या मी खाल्ल्या होत्या. माझा पडदा घेतला, माझे हात घेतले, आता माझा मारसुद्धा हा माणूस स्वतःच्या नावावर करत होता.

लीस बाई विरघळल्या. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलंय. हे डावखुरे आहेत का? तुमचा जबाब नोंदला जाईल. खोटा निघाला तर दोघांचेही परवाने रद्द होतील आणि पुन्हा कधीच मिळणार नाहीत."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि डोळ्यांत मी आयुष्यभर वाट पाहिलेली भीती होती. 'नाही, डावखुरी मी आहे' हे वाक्य मी उन्हाळाभर घोकलं होतं. ते म्हटलं असतं तर माझं नाव मला परत मिळालं असतं. पण सरांचं काय झालं असतं? अकोल्याला गेले असते, परदेशाने कसा अन्याय केला यावर भाषणं दिली असती, आणि वर्षभरात कुठेतरी कुलगुरू होऊन फिती कापत फिरले असते. एका दिवसात सगळं संपलं असतं. मला ते पुरणार नव्हतं. हा माणूस मला रोज हवा होता, माझ्या एका शब्दावर जगणारा, उठताबसता डाव्या हाताने.

"हो," मी म्हटलं. "सर डावखुरेच आहेत."

"आणि तुम्ही?" लीस बाईंनी लगेच विचारलं. विचारणारच होत्या. सोबतची बाई डावखुरी असती तर काम तिचंच असल्याचा संशय आला असता.

"मी उजवी," मी म्हटलं आणि जबाबावर उजव्या हाताने सही केली.

पहिला हिवाळा मी इतक्या सुखात काढला की माहेरपणातही कुणी काढला नसेल. संस्थेच्या भोजनगृहात सर डाव्या हाताने सूप प्यायचे आणि ते टायवर सांडायचं. हस्तांदोलनाला उजवा हात पुढे जायचा आणि मध्येच थबकायचा. दार उघडताना, बटण लावताना, सही करताना त्यांचा जीव टांगणीला. मी शेजारून मराठीत हळूच म्हणायचे, "सर, हात," आणि ते विजेचा झटका बसावा तसे सावरायचे. ते माझी पिशवी उचलायचे. माझ्यासाठी कॉफी आणायचे, डाव्या हाताने, डचमळत. त्यांच्या बायकोसमोर मी त्यांना 'अहो सबनीस' म्हटलं तरी ते निमूट 'हो' म्हणाले. सूड गोड असतो, ही अगदी खरी गोष्ट आहे.

पण माणूस कशालाही सरावतो. वसंत लागेपर्यंत सरांचा डावा हात त्यांचा झाला होता. पडदे एकामागून एक बनत होते, एकही तडकत नव्हता. ते ढवळताना गुणगुणायला लागले. माझ्या कुजबुजीने दचकणं थांबलं, उलट हसून म्हणू लागले, "कळलं गं, कळलं."

आणि मी? मी उजवी होते. कांडीला हात लावायची सोय नव्हती, कारण ढवळायला लागले असते तर हात आपोआप बदलला असता. मी भांडी विसळत होते, डिंक चाळत होते, आणि तेही उजव्या हाताने. हातून वस्तू पडायच्या. एकदा महागडी काचपट्टी फुटली तेव्हा संचालकांनी पाठीवर हात ठेवून समजावलं, "वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येकाचे हात या कामासाठी नसतात." सर तिथेच उभे होते. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

त्या रविवारी आईचा फोन आला. तिथल्या बातम्या आता गावात पोचल्या होत्या.

"काऊन वं, त्या पडद्यावर सबनीस लिहेल हाय म्हणते," ती म्हणाली. "तुह्यं नाव कुठी हाय?"

"येईल आई."

"कवा येईन? तू त करतं ना सारं?"

सरांनी बटण दाबून जे केलं होतं तेच मी स्वतःच्या तोंडाने करून बसले होते. त्यांनी फक्त फीत उलटवली होती. मी स्वतःला उलटवून घेतलं होतं, आणि वर सही करून दिली होती. त्या दिवशी मला सरांचा आला नसेल इतका माझा स्वतःचा राग आला.

परवान्याच्या नूतनीकरणाची चाचणी संस्थेतच व्हायची होती. मुंबईहून बदलून आलेल्या लीस बाई टोप घेऊन हजर झाल्या. संचालकांनी तोच मुहूर्त साधून कारखानदार, मंत्री, पत्रकार असे पाहुणे बोलावले होते. सबनीस पडदा सर्वांसमोर तयार होणार होता. सरांनी नवा कोट घातला होता. मी दोन चंचुपात्रं मांडली, एक त्यांच्यासाठी, एक नेहमीप्रमाणे राखीव.

सर ढवळू लागले. हात झोकात चालला होता. मीच शिकवलेलं मनगट, मीच शिकवलेला वेग. संचालक भारावून सांगत होते की जगात हे एकाच हाताला येतं, आणि हा हात आपल्या देशाने योग्य वेळी ओळखला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर हसत माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या या सहकारी. यांची मला फार मदत झाली."

मी उजव्या हातातलं फडकं खाली ठेवलं. राखीव चंचुपात्र पुढे ओढलं आणि कांडी डाव्या हातात घेतली. वर्षभर उपाशी ठेवलेला हात एकदम कामाला लागला. सरांपेक्षा हलका, सरांपेक्षा सरळ, भोवरा कसा मध्यावर, जराही न डगमगता. लोक एकदा त्यांच्या हाताकडे, एकदा माझ्या हाताकडे बघू लागले.

"ओवी, काय करतेस हे?" सर ओठ न हलवता मराठीत म्हणाले. "दोघंही बुडू."

"हो सर," मी म्हटलं. "दोघंही."

त्यांची कांडी थांबली. लीस बाई खुर्चीतून उठून आमच्या टेबलाजवळ आल्या. बराच वेळ त्यांनी माझं मनगट निरखलं.

"तुम्ही तर उजव्या होतात," त्या म्हणाल्या.

"नाही. मी तेव्हा खोटं बोलले. उजवे हे आहेत. टोप आणा आणि आधी माझ्या डोक्यावर ठेवा."

सर खुर्ची शोधत मागे सरकले. लीस बाई टोप आणायला वळल्या. मी ढवळणं थांबवलं नाही, कारण मध्येच थांबलं तर पडदा तडकतो.